सॉफ्टवेअरचं भाडं किती आणि कुठवर भरायचं?

प्रश्न थोडक्यात असा: नारायण पेठेत नवरा-बायको मिळून लग्नपत्रिका, बिलबुकं, संस्थांचे अहवाल यांचं डीटीपी (संगणकावर पानं जुळवणं) आणि छपाईचं काम करतात. पूर्वी एकदा घेतलेलं सॉफ्टवेअर दहा-दहा वर्षं चाललं. आता डिझाइनचं, ऑफिसचं, फोटो साठवायचं, सगळ्याचंच भाडं सुरू झालंय. एका ठिकाणी ‘मोफत चाचणी’ घेतली, बंद करायची राहून गेली, कार्डावरून पैसे कापले गेले. रद्द करायला गेल्यावर उरलेल्या वर्षापोटी दंड दाखवला. ही लूट नाही का, यावर इलाज काय, आणि वैतागून क्रॅक टाकला (कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं) तर बिघडतं कुठे?

ताई, सरसकट लूट असं मी म्हणणार नाही. पण दंडाचा तुमचा जो अनुभव आहे, तो त्या शब्दापासून फार लांबही नाही. आधी मी एका सॉफ्टवेअर कंपनीत किमती ठरवणाऱ्या गटात होतो. आता बरीच वर्षं कर्वे रस्ता ते सदाशिव पेठ या पट्ट्यातल्या आर्किटेक्ट, सीए आणि छापखानेवाल्यांची लायसन्सं, नूतनीकरणं हेच बघतो. त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं माझ्या कानावर आहे.

लोक म्हणतात, ‘महागलं’. हिशेब मांडायला बसलं की चित्र इतकं सरळ दिसत नाही. समजा एखादं सॉफ्टवेअर पूर्वी एकरकमी ४०,००० रुपयांना होतं आणि आता महिना १,५०० आहे. पाच वर्षांत ९०,००० होतात, म्हणजे दुपटीहून जास्त. पण त्या पाच वर्षांत तुम्ही एक-दोन वेळा अपग्रेडचे पैसे भरलेच असते, तर फरक बराच कमी होतो. जो दर आवृत्तीला अपग्रेड घ्यायचा, त्याला भाडं फार जड गेलं नाही. फटका बसला तो एकदा घेऊन वर्षानुवर्षं रेटणाऱ्याला. पुण्यातले बहुतेक छोटे व्यावसायिक दुसऱ्या गटातले. मिक्सर वीस वर्षं चालवायचा ही आपली रीत, मग सॉफ्टवेअर का नाही?

हे बदललं कधी तेही सांगतो. ॲडोबीने मे २०१३मध्ये जाहीर केलं की क्रिएटिव्ह सूट (सीएस) या डिझाइनच्या संचाची नवी आवृत्ती यापुढे निघणार नाही, जे काही नवं ते क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये, भाड्याने. २०१२चा सीएस-६ हा एकरकमी मिळणारा शेवटचा. ऑटोडेस्कने ३१ जानेवारी २०१६नंतर आर्किटेक्ट नकाशांसाठी वापरतात त्या ऑटोकॅडसकट बहुतेक उत्पादनांची कायमची नवी लायसन्सं विकणं थांबवलं. तेव्हा माझ्या ओळखीच्या आर्किटेक्ट मंडळींत शेवटच्या महिन्यात जुनी लायसन्सं पदरात पाडून घ्यायची धावपळ झाली होती. मायक्रोसॉफ्टने ऑफिस भाड्याने द्यायला २०११पासून सुरुवात केली, पण एकरकमी ऑफिस पूर्ण बंद केलेलं नाही. ऑफिस २०२४ आजही एकदा पैसे भरून घेता येतं. ते दुकानदार आपणहून सांगत नाही आणि कंपनीच्या संकेतस्थळावरही चटकन नजरेला पडत नाही, ही गोष्ट वेगळी.

कंपन्यांनी हे का केलं, तर पहिलं कारण उत्पन्न. नवी आवृत्ती आली की तीन महिने विक्रीचा पूर, मग दोन वर्षं ओढाताण. शेअर बाजाराला असलं उत्पन्न आवडत नाही, त्याला दरमहा ठरल्याप्रमाणे येणारा पैसा आवडतो. पायरसी हे दुसरं कारण. सॉफ्टवेअर रोज सर्व्हरला विचारून उघडणार असेल तर सीडी कॉपी करून भागत नाही. यात खोटं काही नाही. पण एक गोष्ट या सगळ्यात हरवली आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. पूर्वी दर दोन वर्षांनी कंपनीला तुमच्या दारात यावं लागायचं. ‘हे बघा, यात हे नवीन आहे, घेता का?’ तुम्ही ‘नको, जुनं बरं आहे’ म्हणालात की कंपनी खडबडून जागी व्हायची. ते ‘नको’ फुकट होतं, त्याने तुमचं काम थांबत नव्हतं. आता ‘नको’ म्हटलं तर उद्या सकाळी फाइल उघडत नाही.

मी ज्या गटात होतो तिथे हा बदल डोळ्यांसमोर झाला. आधी बैठकीत वाद व्हायचे ते नव्या आवृत्तीत काय घालायचं यावर. नंतर फळ्यावर एकच आकडा असायचा, तो म्हणजे दरमहा सोडून जाणाऱ्या ग्राहकांचं प्रमाण. ते कमी करायचे मार्ग दोन. एक म्हणजे माल चांगला करणं, दुसरा म्हणजे बाहेर पडणं अवघड करणं. दुसरा स्वस्त पडतो. तुमचा राग मला पटतो तो इथे. पैसे महिन्याला घेतात की वर्षाला याला माझ्या लेखी महत्त्व कमी. सोडून जायचा निर्णय कोणाच्या हातात आहे, याला जास्त.

उलट बाजूही बघा, कारण जुन्या काळाची आठवण आपण जरा गोड करून ठेवतो. तुमच्याच पेठेत एका छापखान्यात विंडोज एक्सपीचं एक मशीन अजून चालू आहे. त्यावर पानं मांडायचं जुनं पेजमेकर, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे श्री-लिपीचे मराठी फॉन्ट, मागे लावलेला हार्डवेअर लॉक (तो जोडलेला असेल तरच सॉफ्टवेअर चालतं). मालकांनी त्याची इंटरनेटची वायर काढून ठेवली आहे, आणि लॉकला कुणाचा धक्का लागू नये म्हणून वर पुठ्ठ्याचं खोकं चिकटवलंय. पंधरा वर्षांपूर्वीचे संस्थांचे अहवाल फक्त त्याच मशीनवर उघडतात. मदरबोर्ड गेला की ते गेले. लायसन्स कायमचं होतं, पण त्याखालचं विंडोज, त्याचा पोर्ट, प्रिंटरचा ड्रायव्हर यांतलं काहीच कायमचं नव्हतं. ॲडोबीनेही सीएस-२ ज्या सर्व्हरवर ॲक्टिव्हेट व्हायचं तो २०१३च्या सुमारास बंदच केला. कायदेशीर ग्राहकांना नंतर वेगळी आवृत्ती उतरवून घ्यायची सोय दिली, पण ती सोय देणं न देणं कंपनीच्या हातात होतं. तेव्हा ‘एकदा घेतलं की आपलं’ हे पूर्वीही अर्धंच खरं होतं.

मग भाडं कुठे रास्त? माझी कसोटी साधी आहे. मी पैसे भरतोय त्या महिन्यात समोरच्याला माझ्यासाठी काही काम पडतंय का, खर्च येतोय का? अँटिव्हायरसचं उदाहरण घ्या. क्विक हील ही आपल्या पुण्याची कंपनी. तिचा डबा आपण इतकी वर्षं दरसाल नव्याने घेत आलो आणि कोणी कुरकुर केली नाही, कारण रोज नवे व्हायरस येतात आणि रोज अपडेट लागतो हे सगळ्यांना कळत होतं. हिशेबाच्या टॅलीत परवाना कायमचा आणि वर टीएसएस या अपडेट-सेवेचं वार्षिक शुल्क. ते भरलं नाही तरी घेतलेली आवृत्ती चालत राहते, नव्या आवृत्त्या आणि जोडलेल्या सेवा मात्र थांबतात. जीएसटीचे नियम दर काही महिन्यांनी हलतात, तिथे हे शुल्क भरायला सीए कां-कूं करत नाहीत. मला ही रचना सगळ्यांत प्रामाणिक वाटते. फोटो साठवण्याचंही तसंच. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१पासून संपली. आपण चिडलो, पण डिस्क कुठेतरी फिरतेय, तिला वीज लागतेय, तेव्हा पंधरा जीबीच्या पुढे पैसे मागणं मला गैर वाटत नाही.

पण दोन पीडीएफ जोडून देणारं, नाहीतर फोन कॅमेऱ्याने कागद स्कॅन करणारं ॲप आठवड्याचं भाडं मागतं तेव्हा मात्र डोकं फिरतं. ते काम तुमच्याच फोनवर, तुमच्याच बॅटरीवर होतं. आठवड्याचा दर यासाठी की आकडा लहान दिसावा. त्याला ५२ने गुणलं तर माणूस ॲपला हातही लावणार नाही. असली ॲप मी गिऱ्हाइकांच्या फोनमधून दिसेल तिथे काढायला लावतो. इथे एक सूचना: ॲप फोनमधून उडवलं म्हणजे भाडं थांबत नाही. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर दाबून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जावं लागतं, आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर दाबून ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये. तुमच्याकडे घरात कॉलेजात जाणारी मुलं असतील तर त्यांच्या फोनपासून सुरुवात करा.

पेठेतल्या मेसमध्ये महिन्याचे पैसे आगाऊ भरतात, पण गावाला जाताना काकूंना आदल्या दिवशी सांगितलं की खाडा धरला जातो. न खाल्लेल्या जेवणाचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. सॉफ्टवेअरच्या भाड्यात खाडा नसतो. गिऱ्हाईक वापरत नाही हे कंपनीला तुमच्या आधी कळतं, कारण तुम्ही शेवटचं कधी उघडलंत ते तिच्याकडे नोंदलेलं असतं. तरीही ती तुम्हाला ‘अहो, तुम्ही दोन महिने फिरकला नाहीत’ असं कळवत नाही. झोपलेल्या गिऱ्हाइकाला उठवू नका, हे वाक्य मी बैठकीत स्वतः ऐकलंय.

आता तुमच्या दंडाकडे वळू. किमतीच्या पानावर साधारण तीन भाव असतात: महिन्याचा सुटा, वर्षाचा पण दरमहा भरायचा, आणि वर्षाचा एकरकमी. मधला आधीच निवडलेला असतो. त्याचा महिन्याचा आकडा मोठ्या अक्षरात, आणि ‘वार्षिक करार’ हे शब्द खाली करड्या रंगात. वाचणाऱ्याला वाटतं, महिन्याचं आहे, नको झालं की सोडू. खरं तर आपण बारा महिन्यांचा करार करतोय आणि तो हप्त्याने फेडतोय. महिना २,००० धरा. चार महिन्यांनी सोडायचं ठरवलं, तर उरलेल्या आठ महिन्यांचे १६,००० होतात, आणि त्याचे निम्मे म्हणजे ८,००० दंड, अशी कलमं असतात. याच प्रकारावरून अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीनंतर जून २०२४मध्ये ॲडोबीवर खटला दाखल झाला. वार्षिक कराराची अट आणि मुदतपूर्व सोडण्याचं शुल्क ग्राहकापासून नीट उघड केलं नाही, असा आरोप होता. तेव्हा तुम्ही फसलात त्यात तुमचा वेंधळेपणा होता असं वाटून घेऊ नका. ते पान किती वेळा बदलून, कुठला रंग लावला की किती जण मधला भाव निवडतात हे मोजून बनवलेलं असतं.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत वाटतो तितका दुबळा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला ‘डार्क पॅटर्न्स’विषयी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरच्या मांडणीविषयी, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तेरा प्रकार दिले आहेत. ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा त्यातला एक: रद्द करण्याची वाट लपवणं, ती उगाच लांबवणं, मोफत म्हणून दाखवून कार्डाचे तपशील सक्तीने घेणं. ‘सास बिलिंग’ (भाड्याच्या ऑनलाइन सॉफ्टवेअरची वसुली) नावाचा दुसरा प्रकार तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. चाचणी संपून पैसे सुरू होताना न कळवणं, गुपचूप वसुली चालू ठेवणं हे त्यात येतं. भारतात पद्धतशीर सेवा विकणाऱ्या सगळ्यांना ही तत्त्वं लागू आहेत, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो.

दुसरी ढाल रिझर्व्ह बँकेची. कार्ड आणि यूपीआयवरून आपोआप होणाऱ्या कपातीसाठी ई-मँडेटचे, म्हणजे कपातीला आगाऊ दिलेल्या परवानगीचे, नियम आहेत. पहिल्यांदा मंजुरी देताना ओटीपीसारखी जादा खातरजमा लागते. पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी बँकेने कळवायचं असतं, आणि त्या सूचनेतूनच ती कपात किंवा सगळं मँडेट थांबवता आलं पाहिजे. १५,००० रुपयांच्या वरच्या कपातीला दर वेळी वेगळी मंजुरी लागते. विमा, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्डाचं बिल यांना ही मर्यादा एक लाखापर्यंत आहे. हे नियम १ ऑक्टोबर २०२१पासून काटेकोर लागू झाले तेव्हा कित्येक परदेशी सेवांच्या कपाती धडाधड अडकल्या. माझा फोन दिवसभर वाजत होता आणि सगळे बँकांना शिव्या घालत होते. मला मात्र गंमत वाटत होती, कारण आपण कशाकशाचे पैसे भरतो हे त्या आठवड्यात कित्येकांना पहिल्यांदाच कळलं. एरंडवण्यातल्या एका आर्किटेक्टच्या कार्डावर एक रेंडरिंगची (नकाशावरून इमारतीचं हुबेहूब चित्र काढून देणारी) सेवा सापडली. ती ज्या मुलाने घेतली होती तो नोकरी सोडून कधीच बंगळूरला गेला होता, आणि पासवर्ड त्याच्याच ईमेलवर.

बँकेच्या ॲपमध्ये ‘ई-मँडेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन्स’ शोधा, यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’. यादी डोळ्यांखालून घाला. एक मेख लक्षात असू द्या. मँडेट रद्द केलं तर पैसे कापले जाणं थांबतं, करार संपत नाही. वार्षिक करार असेल तर कंपनी थकबाकीचे ईमेल पाठवत राहू शकते आणि तुमचं खातं गोठवू शकते. कार्डच बंद केलं तरी तेच. म्हणून आधी सेवेच्या संकेतस्थळावर रद्द करा, पक्कं झाल्याचा ईमेल ठेवा, आणि मग मँडेट तोडा.

रद्द करताना शेवटपर्यंत जा, पहिल्या पानावर थांबू नका. ‘थांबा, दोन महिने मोफत देतो’, ‘निम्म्या भावात राहा’ असे देकार तिथेच लपलेले असतात. कधीकधी स्वस्त योजनासुद्धा. मायक्रोसॉफ्टने कोपायलट हा एआय मदतनीस जोडून ऑफिसच्या भाड्याच्या योजनेचा, म्हणजे ३६५चा, भाव वाढवला, पण कोपायलटविना जुन्या भावाची योजना शिल्लक आहे हे जुन्या ग्राहकांना सांगितलं नाही, रद्द करायला निघालेल्यालाच ती दिसत होती, असा आरोप करत ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५मध्ये दावा लावला. तेव्हा खरोखर सोडायचं नसलं तरी नूतनीकरणाआधी एकदा रद्दच्या वाटेने जाऊन बघण्यात तोटा नाही. भाव खालीही येतात. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१मध्ये भारतातली मोबाइल योजना १९९वरून १४९वर आणि बेसिक ४९९वरून थेट १९९वर आणली. इथलं गिऱ्हाईक त्या भावाला बधत नव्हतं, दुसरं काय!

पैसे परत हवे असतील तर आधी कंपनीला ईमेल करा. तारीख, रक्कम, चाचणी कधी संपली आणि सूचना मिळाली नाही, एवढंच लिहा. चिडून तीन पानं लिहू नका. त्यात ‘डार्क पॅटर्न्स मार्गदर्शक तत्त्वं, २०२३’ आणि ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हे शब्द घाला. आठवडाभरात हालचाल नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवा. माझ्या गिऱ्हाइकांची बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण हजारपाचशे डॉलरसाठी कायदा विभागाचा वेळ घालवण्यात कंपनीलाच रस नसतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल होते, आणि २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच ती करता येते, म्हणजे पुण्यातच. एक अडचण येऊ शकते. धंद्यासाठी घेतलेली सेवा असेल तर समोरचा वकील म्हणेल, ‘हे ग्राहकच नाहीत’. पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेल्या गोष्टीला कायद्यात अपवाद आहे. तुम्ही दोघंच काम करता, तेव्हा तुमची बाजू बळकट दिसते. मी वकील नाही. शंका वाटली तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना विचारा. बिंदुमाधव जोशींनी १९७४मध्ये ही चळवळ पुण्यातच उभी केली, आणि असली प्रकरणं विनाफी समजावून सांगणारी माणसं या शहरात अजून भेटतात.

जीएसटीबद्दल दोन वाक्यं, कारण इथे पैसे नकळत गळतात. या सेवांवर १८ टक्के कर लागतो. तुमची नोंदणी असेल आणि खात्यात जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) भरलेला नसेल तर बिल घरगुती ग्राहकाच्या नावाने निघतं आणि भरलेल्या कराचं क्रेडिट हातचं जातं. छोट्या व्यावसायिकांच्या कॉम्पोझिशन योजनेत असाल तर तसंही क्रेडिट नाही. परदेशातून थेट बिल येत असेल तर रिव्हर्स चार्जचं, म्हणजे कर तुम्हीच भरायचा का ते, तुमच्या सीएला विचारून घ्या.

क्रॅकचं विचारलंत ते प्रामाणिकपणे विचारलंत, म्हणून सरळ सांगतो: टाकू नका. एकेकाळी रस्त्याकडेच्या सीडीवर अर्ध्या पुण्याचं डीटीपी शिकून झालं हे मलाही माहीत आहे. पण कॉपीराइट कायद्याच्या ६३बी कलमात जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख दंड आहे. घरगुती वापराला न्यायालय सूट देऊ शकतं, धंद्याला नाही. पोलिस येतील न येतील. मला जास्त भीती वाटते ती क्रॅकच्या पोटातून येणाऱ्या रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची. ऐन लग्नसराईत तुमच्या सगळ्या पत्रिकांच्या फाइली कुलूपबंद झाल्या तर कोणत्या तोंडाने यजमानांना फोन करणार?

त्यापेक्षा पर्याय बघा. ऑफिसच्या कामाला लिब्रेऑफिस पुरतं. पत्रं, कोटेशनं, साधे तक्ते यांसाठी पैसे भरायची गरजच नाही. चित्रांसाठी इंकस्केप, पानांच्या मांडणीला स्क्रायबस. कोरल ड्रॉ तुमच्या धंद्यात सगळ्यांच्या हाताखालचं आहे, आणि ते एकरकमीही विकलं जात आलंय, तेव्हा विक्रेत्याला तोच भाव आधी विचारा. ॲफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर कॅनव्हा या कंपनीने २०२४मध्ये घेतलं आणि ऑक्टोबर २०२५मध्ये मोफत करून टाकलं. उद्या कॅनव्हाचं मन बदललं तर काय, हा प्रश्न आहेच, पण आज मोफत आहे तर बघून घ्या. कुठलंही नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात ‘तऱ्हा’, ‘कर्तृत्व’, ‘द्वंद्व’, ‘ऱ्हस्व’ आणि ‘मंगलकार्यालय’ टाइप करा, पीडीएफ काढा आणि कागदावर छापून बघा. पडद्यावर सुबक दिसणारी जोडाक्षरं पीडीएफमध्ये फुटतात हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. परदेशातली परीक्षणं वाचून हे कळत नाही. तिथे कोणी रफार तपासत नाही.

राहिलं ते डिझाइनचं मोठं सॉफ्टवेअर, जे तुम्ही सोडू शकत नाही असं म्हणता. तुमचा धंदा मोसमी आहे: तुळशीच्या लग्नानंतर सुरू, मे महिन्यात शिगेला, पावसाळ्यात बिलबुकं आणि गणेशोत्सवाच्या पावत्या. मग बारा महिन्यांचा करार कशाला? सुटा महिना महाग असतो. समजा करारात २,००० आणि सुटा ३,०००. वर्षाचे २४,००० होतात, सात सुट्या महिन्यांचे २१,०००. आठव्या महिन्याला दोन्ही सारखे. तेव्हा सातच महिने खरंच लागतं का, हे गेल्या वर्षीच्या कामाच्या वहीवरून बघा. पावसाळ्यातल्या पावत्या कोरलमध्ये होत असतील तर सुट्या महिन्यावर या. खाडा कंपनी देत नाही, तो आपण असा काढून घ्यायचा.

ते जमायचं असेल तर भाडं बंद असतानाही काम उघडता आलं पाहिजे. इनडिझाइनची (ॲडोबीचं पानांच्या मांडणीचं सॉफ्टवेअर) मूळ फाइल सॉफ्टवेअर बंद झालं की तुम्हाला परकी होते. म्हणून काम छापायला गेलं की त्याच दिवशी तीन गोष्टी एका फोल्डरात: छपाईची पीडीएफ, आयडीएमएल या फाइल-प्रकारात काढलेली प्रत, आणि वापरलेली चित्रं व फॉन्ट. आयडीएमएल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडते, मांडणी थोडी हलते पण मजकूर शाबूत राहतो. आर्किटेक्टांकडे हेच डीडब्ल्यूजीचं, म्हणजे ऑटोकॅडच्या फाइलचं. ती फाइल झेडडब्ल्यूकॅड, ब्रिक्सकॅड अशा एकरकमी मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, म्हणून तर त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना घासाघीस करता आली. फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी.

आत्ता दंड चालू असलेल्या कराराचं काय, तर त्याची सुरुवातीची तारीख काढा. चाचणी संपून पैसे कापल्याला पंधरा दिवससुद्धा झाले नसतील तर आजच रद्द करा, पहिल्या दोनेक आठवड्यांत पूर्ण परतावा देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. मुदत उलटून गेली असेल तर आधी वर सांगितलेला ईमेल. दाद मिळाली नाही आणि करार संपायला दोन-तीन महिनेच उरले असतील, तर दंड आणि उरलेले हप्ते शेजारी मांडून बघा. उरलेल्याच्या निम्मा दंड भरून सोडण्यापेक्षा तीन महिने ते वापरून अडलेली कामं उरकून घेणं कधीकधी परवडतं. तसं ठरलं तर नूतनीकरण आजच बंद करून ठेवा. बहुतेक ठिकाणी नूतनीकरण बंद केलं तरी भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा चालू राहते, पण पडद्यावर तसं लिहिलेलं आहे ना, ते वाचून मगच शेवटचं बटण दाबा.